लूमीरचं वाकडं बोट

लूमीर हर्लिकच्या उजव्या हाताचं चौथं बोट वरच्या पेरापासून करंगळीकडे वळलेलं आहे. हात टेबलावर पालथा ठेवला की बाकीची बोटं समोर बघतात आणि हे एकटं शेजाऱ्याच्या अंगणात डोकावतं. ते कसं मोडलं हे डुबोव्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. १९८५च्या ऑक्टोबरात, सोसायटीच्या धान्यकोठारात, मका वर चढवणाऱ्या पट्ट्यात ते सापडलं. एरवी कुणाचं बोट मोडलं तर गाव चार दिवस हळहळतं आणि विसरतं. हे बोट गाव विसरलं नाही, कारण त्याच्यापायी अकरा जणांची हॅम बुडाली होती.

सोसायटीचा नियम असा होता की कोठारात अख्खं वर्ष अपघाताविना गेलं, तर प्रत्येक कामगाराला धूर दिलेली डुकराची अख्खी मांडी, म्हणजे हॅम, घरपोच मिळायची. दाराशी एक फळा होता. त्यावर रोज सकाळी एमिल व्होंड्रा दिवसांचा आकडा बदलायचा. त्या सकाळी आकडा तीनशे एक्केचाळीस होता. लूमीर हाताला फडकं गुंडाळून आला, म्हणाला, पट्ट्यात गेलं. एमिलनं दुसऱ्या दिवशी फळ्यावर शून्य लावलं आणि तेव्हापासून दर नाताळला तो त्या हॅमचं श्राद्ध घालत आला. "आणखी चोवीस दिवस बोट सांभाळता आलं नाही याला," असं तो नव्या माणसाला लूमीरची ओळख करून देताना सांगायचा. लूमीर हसायचा आणि कॉफीचा घोट घ्यायचा.

खरं म्हणजे पट्ट्याचा त्या बोटाशी काहीएक संबंध नव्हता. हे दोघांनाच माहीत होतं, लूमीरला आणि त्याची बायको व्ह्लास्ताला.

लूमीरचा जन्म गावाबाहेर चार मैलांवरच्या शेतातला, १९४६चा. पाचव्या वर्षी पोलिओनं डावा पाय धरला आणि सोडला तेव्हा तो दोन इंच आखूड करून सोडला. डुबोव्यात मुलगा जन्मला की आधी त्याचे खांदे बघतात आणि मग डोळे कुणावर गेलेत ते बघतात. शाळा लहान, म्हणून फुटबॉलचा, म्हणजे हातानं फेकून-झेलून खेळायच्या अमेरिकी फुटबॉलचा, संघ अकराऐवजी आठांचा. मैदानाला दिवे नाहीत, म्हणून सामने शुक्रवारी दुपारी. त्या दुपारी दुकानांना कुलपं लागतात, मक्याची कापणी थांबते. अशा गावात लूमीर कुंपणाला टेकून वाढला. त्याचे हात मोठे होते, डोळे तीक्ष्ण होते, पण पळता येत नसलेल्या पोराला मैदानात घेणार कोण?

१९६८च्या उन्हाळ्यात तो बावीस वर्षांचा होता, कोठारात कामाला लागला होता, नुकतंच लग्न झालं होतं. संध्याकाळी सराव बघायला गेला. बाकीची पोरं दूर धावत होती आणि क्वार्टरबॅक लेनर्ड बुरेश हात गरम करायला कुणी मिळतंय का बघत होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून सगळे पास सुटतात तो. प्रशिक्षकानं कुंपणाकडे बोट केलं आणि लूमीरला म्हटलं, तू ये, तिथे वीस यार्डांवर उभा राहा, तुला पळायचं नाहीये.

पळायचं नव्हतं, फक्त झेलायचं होतं. लूमीर उभा राहिला तो एक्कावन्न वर्षं उभा राहिला. प्रशिक्षक बदलले, मुलं बाप झाली, त्यांची मुलं खेळायला आली. प्रत्येक सरावाआधी, प्रत्येक सामन्याआधी, वीस यार्डांवर लूमीर. हातमोजे त्यानं कधी घातले नाहीत. मोजे घालून हात मिळवतात का कुणी, असं तो म्हणायचा.

एकोणीस क्वार्टरबॅक झाले, आणि त्या एकोणीस हातांची ओळख जगात एकाच माणसाला होती. गावानं ते हात कुंपणापलीकडून पाहिले होते, लूमीरनं ते तळव्यावर घेतले होते. लेनर्डचा हात गवताचे गठ्ठे फेकून तयार झालेला. त्याचा चेंडू गठ्ठ्यासारखाच यायचा, डुगडुगत, पण वजनदार. २००९चा ब्रँडन पोकोर्नी असा फिरवायचा की चेंडूची शिवण दिसायची नाही, आणि हातात असा ठेवायचा जसं झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं. ७७चा गॅरी सेडलाचेक उंच टाकायचा. त्याचा चेंडू वरून पिकलेल्या सफरचंदासारखा पडायचा.

पण गावाच्या लेखी हात एकच, गॅरीचा. कोठाराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर माणसाएवढ्या अक्षरांत रंगवलंय, "गॅरी सेडलाचेक, ७१ यार्ड". बाहेरगावचा ट्रकवाला मका घेऊन आला की त्याला आधी ती भिंत दाखवतात आणि मग वजनकाटा. लूमीरला त्या एकाहत्तराचा हिशेब पाठ होता. चेंडू चाळीस यार्ड गेला, पुढचे एकतीस झेलणारा पळाला. शिवाय दक्षिणेचा वारा इतका होता की त्या दिवशी चर्चच्या दारातून फादरची टोपी निघाली ती रेल्वेच्या रुळांवर सापडली. पेपरवाले फेकलेलं आणि धावलेलं एकाच पोत्यात भरतात. पण भिंत सगळ्या गावाची, गॅरी गोड माणूस. लूमीर कधी काही बोलला नाही. सर्वांत ताकदीचा हात कुणाचा, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "सगळेच लागतात."

ते खरं नव्हतं. एक हात वेगळाच लागला होता.

रॉनी टेसार १९८५च्या ऑगस्टात पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिला. सतरा वर्षांचा, लांब मनगटांचा, कुणाशी न बोलणारा. वीस यार्डांत चेंडू थोडा खाली येतो. लूमीरचे हात सतरा वर्षांच्या सवयीनं तेवढं धरूनच उभे राहायचे. रॉनीचा पहिला चेंडू खाली आलाच नाही. ज्या रेषेत सुटला त्याच रेषेत आला आणि लूमीरच्या कपाळावर बसला. लूमीर गवतावर बसून बराच वेळ हसत होता. रॉनी धावत आला आणि माफी मागू लागला तेव्हा लूमीर त्याला म्हणाला, माफी मागायची नाही, आता असंच टाकायचं.

अडचण एकच होती. तो चेंडू लूमीरशिवाय कुणाला झेलता येत नव्हता. पोरांच्या छातीवर आपटून उडायचा, तळव्यातून निसटायचा. पहिल्या महिन्यात दोघांची बोटं मुरगळली. प्रशिक्षकानं बजावलं, आणखी एक बोट गेलं तर रॉनी हळू फेकेल, नाहीतर बाकावर बसेल.

आणि ते आणखी एक बोट लूमीरचं निघालं. ऑक्टोबरची सकाळ, शाळेआधीचा सराव, थंडीनं चेंडू दगड झालेला. झेल पक्का बसला, पण आत काहीतरी काडीसारखं मोडलं. लूमीरनं चेंडू परत टाकला, आणखी सहा झेलले आणि हात खिशात घालून घरी गेला. व्ह्लास्तानं चमच्याचा दांडा लावून बोट बांधलं. "प्रशिक्षकाला सांगणार?" तिनं विचारलं. तो म्हणाला, असा हात या गावात पुन्हा यायचा नाही, त्याला लगाम माझ्या बोटानं घालायचा नाही. मग बांधलेला हात खिशात ठेवून कामावर गेला आणि तासाभरानं पट्ट्याचं नाव सांगितलं.

त्या वर्षी डुबोवा आठपैकी आठ सामने हरलं. शेवटचा शेजारच्या हॅम्लिनशी. सहा गुण मागे, अकरा सेकंद उरलेले. रॉनीनं तीन जण अंगावर घेत चेंडू सोडला. तो सगळ्यांच्या डोक्यांमधून सरळ रेषेत गेला आणि गुणरेषेपलीकडे, जिथे झेलला की सहा गुण मिळतात, तिथे एकट्या उभ्या असलेल्या पोराच्या छातीवर आपटून गवतावर पडला. ते पोर म्हणजे लूमीरचा मुलगा, स्टॅन.

एमिल तेव्हाही सामन्यांची गुणवही लिहायचा आणि मैदानातल्या भोंग्यावरून पुकारायचा. वहीत दोनच रकाने, झेलला आणि नाही झेलला. का नाही झेलला, याला रकाना नाही. वहीप्रमाणे रॉनी टेसार हा डुबोव्याचा सर्वांत वाईट क्वार्टरबॅक ठरला, आणि गावानं त्याचा शब्द करून टाकला. बस चुकली, रॉनी झाला. केक फुगला नाही, रॉनी झाला. ज्या पोरांनी रॉनीला पाहिलंही नाही तीसुद्धा तसं बोलायची. रॉनी स्वतः गावातच राहिला. शेतांना आणि घरांना गॅस पोचवायची गाडी चालवायचा. कोठारात मका वाळवायला गॅस लागतो, म्हणून आठवड्यातून दोनदा यायचा. दारात उभा राहून पावतीवर सही घ्यायचा आणि जायचा. सकाळच्या कॉफीच्या टेबलावर तो चौतीस वर्षांत एकदाही बसला नव्हता.

२०१९ उजाडलं. डुबोव्याची शाळा हॅम्लिनच्या शाळेत मिळवायचं ठरलं. मुलंच उरली नव्हती. नव्या शाळेच्या काचेच्या कपाटात दोन्ही गावांचा एकेक चेंडू ठेवायचा आणि त्याखाली त्या गावातल्या सर्वांत ताकदीच्या हाताचं नाव. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी ते नाव पुकारायचं. समितीचा प्रमुख स्टॅन. तो आता पन्नाशीचा होता आणि त्याच कोठाराचा व्यवस्थापक. नाव सुचवायचं काम लूमीरचं, कारण हात त्यानंच झेललेले.

बुधवारी एमिलनं फळ्याशेजारी यादी लावली. लूमीरनं ती दोनदा मोजली. अठरा भरले.

"एकोणीस होते," तो म्हणाला.

"रॉनीला कशाला मोजायचं?" एमिल म्हणाला. "तो काय हात होता? तो अपघात होता."

लूमीर घरी गेला. व्ह्लास्ता खसखशीच्या कोलाचींसाठी, त्या गोड पावांसाठी, पीठ मळत होती. त्यानं यादीचं सांगितलं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की आपण गप्प बसलो ते रॉनीच्या भल्यासाठी. पण पोरगा शाळेतून बाहेर पडला त्या दिवशीच ते भलं संपलं होतं. त्यानंतरचं गप्प बसणं स्टॅनसाठी होतं. रॉनीचा हात मोठा म्हणायचा तर हुकलं कुणाचं हे सांगावं लागतं, आणि ते बापाच्या तोंडून, त्याच टेबलावर, जिथे स्टॅन व्यवस्थापक म्हणून बसतो.

"तुला स्टॅनची भीती आहे का एमिलच्या हॅमची?" व्ह्लास्ता म्हणाली.

"दोन्हीची."

"स्टॅन पन्नास वर्षांचा आहे. त्याला झेपेल. एमिलचं मात्र सांगता येत नाही."

गुरुवारी सकाळी टेबलाभोवती सातजण होते. नावाचा वाद आधीच पेटला होता. कुणी भिंतीकडे बोट दाखवत होतं, कुणी म्हणत होतं ब्रँडनचा हात सुंदर, कुणी त्याला उत्तर देत होतं की सुंदर वेगळं आणि ताकद वेगळी, सुंदर हवं असेल तर पोल्का नाचणारा धाडा. स्टॅननं कागद पुढे ओढला आणि लूमीरकडे पाहिलं. नेमकं तेव्हाच दार उघडलं. पावतीपुस्तक घेऊन रॉनी आत आला आणि नेहमीसारखा चौकटीपाशी थांबला.

लूमीरला वाटलं, हा जाऊ दे, मग बोलू. आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"रॉनी टेसार," तो म्हणाला.

सगळ्यांना वाटलं तो रॉनीला हाक मारतोय. रॉनीलाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "हो काका, सही हवी होती."

"तुला नाही बोलावलं. नाव सांगतोय. लिही स्टॅन. रॉनी टेसार, एकोणीसशे पंच्याऐंशी."

एमिल हसू लागला आणि कुणी साथ देत नाही म्हणून थांबला. लूमीरनं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. मग सांगितलं. वीस यार्डांत न वाकणारा चेंडू सांगितला, गॅरीचे चाळीस आणि वाऱ्याचा हिशेब सांगितला, ब्रँडनची फिरकी सांगितली. एकोणीसच्या एकोणीस हात त्यानं एकेक करून मांडले, प्रत्येकाचा मान ठेवून, आणि रॉनीचा सर्वांच्या वर ठेवला. मग वाकडं बोट दुसऱ्या हातानं धरून म्हणाला, "आणि हे पट्ट्यानं नाही मोडलं. हे यानं मोडलं. तुम्हाला सांगितलं असतं तर याला हळू फेकायला लावलं असतं, म्हणून खोटं बोललो."

सगळ्यांत आधी बोलला तो एमिल.

"म्हणजे अपघात कोठारात झालाच नाही."

"नाही."

"म्हणजे शून्य खोटं होतं. म्हणजे माझी हॅम..." तो फळ्याकडे बघायला लागला. मग त्याला आणखी काही सुचलं. "आणि तो हळू फेकता तर पोरांनी झेललं असतं. म्हणजे तू हॅमही घालवलीस आणि सामनेही."

"कदाचित," लूमीर म्हणाला. "एखादा जिंकलो असतो. पण सामने आपण पुष्कळ जिंकलो, एमिल. असा हात एकदाच आला. तो मी पुरता झेलला, याचा मला अजून अभिमान आहे. चूक माझी एकच. तो तुम्हाला सांगितला नाही, आणि तुम्ही याचं नाव वाटेल तिथे वापरत राहिलात, तेव्हा मी कॉफी पीत बसलो." तो रॉनीकडे वळला. "त्याबद्दल माफ कर, पोरा."

रॉनी ते बोट बघत होता. एक्कावन्न वर्षांचा माणूस, टोपी हातात. "मला वाटायचं पट्टा," तो म्हणाला. "मी तेव्हा तुम्हाला भेटायला आलो होतो, काका. काकूंनी दारातच सांगितलं, पट्ट्यात गेलं." मग म्हणाला, "मला वाटायचं, चेंडूच कुठेतरी चुकतोय."

आता सगळे स्टॅनकडे बघत होते, आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. शेवटचा चेंडू कुणाच्या छातीवर आपटला होता ते लूमीरनं सांगितलंच नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. स्टॅननं कागदावर नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं, आणि रॉनीच्या हातातून पावतीपुस्तक घेऊन सही केली.

"चेंडू चुकत नव्हता," तो म्हणाला. "माझ्या छातीवर पंधरा दिवस वळ होता. शिवणीसकट. आईशिवाय कुणाला दाखवला नाही." मग खुर्ची मागे सारून त्यानं पायानंच दुसरी खुर्ची रॉनीकडे ढकलली. "बस. कोलाची आहेत. आईनं जास्तीच्या दिल्यात, आज का दिल्यात ते आत्ता कळतंय."

रॉनी बसला. खुर्चीच्या कडेवर बसला, गाडी चालू ठेवून आलेल्या माणसासारखा, पण बसला.

शुक्रवारी दुपारी मैदान भरलं तसं ते कित्येक वर्षांत भरलं नव्हतं. डुबोवा सोडून गेलेले लोक मुलाबाळांसकट आले होते. गॅरी सेडलाचेक स्वतः आला होता. त्याला हे आधीच कळलं होतं आणि तो ज्याला त्याला सांगत होता की वारा होता हो, मला तेव्हाच शंका आली होती. एमिलनं भोंग्यावरून नाव पुकारलं. कुठल्यातरी पोरानं सवयीनं फिस्सकन हसून घेतलं, आणि त्याच्या आजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या.

कपाटात जाणारा चेंडू एकदा फेकून मग ठेवायचा, असं स्टॅननंच ठरवलं होतं. लूमीरला वाटलं आपण झेलायचं. तो वीस यार्डांच्या रेषेकडे चालूही लागला होता. स्टॅननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, हा माझा आहे."

लूमीर बाजूला झाला. स्टॅन रेषेवर उभा राहिला, कोट काढून, हातमोज्यांशिवाय. समोर रॉनीनं चेंडू दोन-तीनदा बोटांत फिरवून पाहिला. लूमीरनं त्याचं मनगट पाहिलं. चौतीस वर्षं गॅसच्या नळ्या ओढलेलं मनगट ते.

"हळू टाकू का रे?" रॉनीनं विचारलं.

"टाकून तर बघ," स्टॅन म्हणाला. "गॅस दुसऱ्याकडून घेईन."

चेंडू सुटला. तो वर गेला नाही आणि खाली आला नाही. पहिल्या रांगेतल्या माणसांना त्याचा आवाज आला. स्टॅननं हात नेमके जागेवर नेले होते, बापाचे हात होते ते. चेंडू तळव्यांवर बसला, फट्कन वाजला, बोटं फाकवून छातीवर आला आणि गवतावर पडला.

स्टॅन वाकून हात मांड्यांत दाबून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, आणि तो हसतोय हे कळायला लोकांना क्षण लागला. लूमीर आखूड पायानं जमेल तेवढ्या लगबगीनं कुंपणाकडे वळला. सगळ्या गावाकडे बघत होता, मान ताठ. बघितलंत ना, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

भोंगा खरखरला. "नाही झेलला," एमिलनं नेहमीच्या आवाजात पुकारलं. मग थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला, जणू वहीत तो रकाना शोधत होता. "चूक झेलणाऱ्याची."

रॉनीनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

लूमीरनं चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि काखेत धरला. मग मुलाचा हात हातात घेऊन बघितला. चौथं बोट वरच्या पेरापाशी सुजायला लागलं होतं. बापानं ते हळूच दाबून पाहिलं, मोडलं नव्हतं. स्टॅन अजून हसत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं होतं याची चौकशी लूमीरनं केली नाही.

"फळ्यावर आज किती आहेत?" त्यानं विचारलं.

"दोनशे अठ्ठ्याण्णव."

"मग सोमवारी एमिलला सांग, हे फुटबॉलनं झालंय म्हणून," लूमीर म्हणाला. "दुसऱ्यांदा तो मला जिवंत ठेवायचा नाही."